दाखल आणि खारीज

माघ सरत आला, मोसंबीच्या बागांत आंबिया बहराची पांढरी फुले दिसू लागली आणि ज्वारीच्या कणसांत दाणा भरला, की अंबड तालुक्यातल्या शाळाशाळांतून दहावीच्या वर्गाला निरोप देण्याचे समारंभ सुरू होतात. आणि ज्या शाळेत मी स्वतः शिकलो व पुढे जेथे मराठी शिकवून २०१७ साली निवृत्त झालो, त्या शाळेचे आमंत्रण दर वर्षी न चुकता माझ्या दारी येते. यंदाच्या समारंभास पाहुणे म्हणून दोघांना बोलावले होते. दोघेही १९६० सालचे मॅट्रिक, एका बाकावर बसलेले, आज ब्याऐंशी वर्षांचे. त्यांतले एक पाटबंधारे खात्यात हयात घालवून पुण्यास स्थायिक झाले. गाव त्यांना इंजिनिअरसाहेब म्हणते. दुसऱ्यांनी अंबडच्या न्यायालयात पन्नासएक वर्षे वकिली केली आणि गाव सोडले नाही, ते वकीलसाहेब. त्या दिवशी सायंकाळी मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या पायऱ्यांवर या दोघांत जो वाद झाला तो मी शेजारी बसून ऐकला, आणि तो लिहून ठेवल्यावाचून मला चैन पडेना.

वादाचे निमित्त एका मुलीचे भाषण. निरोपाच्या भाषणांचा एक ठरलेला घाट असतो: शाळेचा पहिला दिवस, गुरुजनांचे ऋण, सहल, स्नेहसंमेलन, आणि शेवटी दाटून आलेला कंठ. अशी भाषणे मी स्वतः मुलांना वर्षानुवर्षे लिहून दिली आहेत, तेव्हा त्यांतला शब्द न् शब्द मला ठाऊक. या मुलीच्या हातात मात्र कागद नव्हता. ती म्हणाली, की आमचा वर्ग २०२० च्या जूनमध्ये या शाळेत पाचवीला आला तेव्हा शाळेला कुलूप होते. घरात फोन एकच आणि तो वडिलांबरोबर शेतावर जाई, म्हणून आम्ही तिघी शेजारच्या काकूंच्या ओसरीवर एका फोनभोवती डोकी जोडून बसायचो, आणि आमचा पहिला वर्ग म्हणजे ती ओसरी. इथपर्यंत मंडप कौतुकाने ऐकत होता. मग ती म्हणाली, "आमच्या तिघींतली एक आज इथे नाही. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर कारखान्यावर गेली. ते दोघे ऊस तोडतात, आणि धाकट्या भावाला कोपीवर सांभाळायला दुसरं कोणी नाही. तिचा परीक्षेचा फॉर्म भरलेला आहे. वर्गाच्या फोटोत ती नाही, म्हणून तिचं नाव मी इथे घेते." तिने ते नाव घेतले, पूर्ण, वडिलांच्या नावासह, आणि ती खाली उतरली. काही क्षण टाळ्या वाजवायचे कुणालाच सुचले नाही. मुलींच्या रांगेत हुंदके ऐकू आले.

समारंभ आटोपल्यावर दोघांनाही देवीला जायचे होते. माशाच्या आकाराची म्हणून जिचे नाव मत्स्योदरी पडले, आणि नवरात्रात जिच्या अंगावर मुंगीला शिरायला जागा राहत नाही, ती टेकडी माघातल्या सायंकाळी अगदी शांत असते. दर्शन झाले, आणि उतरताना अर्ध्या वाटेवर, इंजिनिअरसाहेबांना दम लागला म्हणून, आम्ही पायरीवर बसलो. खाली गाव पसरलेले होते: तहसील कचेरी, खंडोबाचे देऊळ, अहिल्याबाईंचे नाव सांगणारी बारव, जालन्याकडे जाणारी सडक, आणि दक्षिणेकडे, दिसत नसला तरी, जायकवाडीचा डावा कालवा व त्याच्याही पलीकडे गोदावरी.

काठी पायरीला टेकवून ठेवीत इंजिनिअरसाहेब म्हणाले, "त्या पोरीने ते नाव घ्यायला नको होते."

"का नको?" वकीलसाहेबांनी विचारले.

"अरे, निरोपाचा दिवस तो. पंधरा-सोळा वर्षांची लेकरे. पंधरा दिवसांवर त्यांची परीक्षा आलेली. घरचे दारिद्र्य, पावसाचा लहरीपणा, बापाच्या डोक्यावरची मुकादमाची उचल, हे सगळे त्यांच्या मागे आयुष्यभर लागलेलेच आहे. एका दिवसापुरते तरी त्यांना शाळेकडे निर्मळ मनाने पाहू द्यावे की नाही? लग्नाच्या मांडवात आपण गेलेल्या माणसांची नावे घेत नाही. घेतली तर चूक नव्हे, पण वेळ ती नव्हे."

"लग्नात आपण देवक बसवतो, आणि देवकापुढे गेलेल्यांचे स्मरण करूनच पुढचे कार्य होते," वकीलसाहेब शांतपणे म्हणाले. "आणि ती मुलगी तर गेलेलीही नाही. ती जिवंत आहे, आणि कुठल्याशा फडावर आत्ता या वेळी चूल पेटवीत असेल. तिचे नाव वर्गात घ्यायचे नाही तर कुठे घ्यायचे?"

"तू प्रत्येक गोष्टीचा दावा करतोस. आठवण म्हणजे साक्षीपुरावा नव्हे. मी आज त्या मंडपात बसलो तेव्हा मला काय आठवले सांगू? आपले गणिताचे मास्तर. हैदराबादेस उस्मानियात शिकलेले. सगळी गणिते त्यांच्या डोक्यात उर्दूत चालायची. पोलीस ॲक्शन झाली, मराठी माध्यम आले, आणि चाळिशी उलटलेल्या त्या माणसाला आपल्यासारख्या पोरांपुढे नव्या भाषेत उभे राहावे लागले. फळ्यावर उदाहरण रंगात आले की तोंडातून जायचे, 'पाच जर्ब सात'. मग स्वतःच थबकायचे, डस्टर हातात धरून क्षणभर आठवायचे, आणि म्हणायचे, 'गुणिले. पाच गुणिले सात.' जर्ब, तक्सीम, तफरीक, हे सारे शब्द त्यांनी एकेक करून मागे ठेवले. रात्री एका प्राथमिक शिक्षकाकडे बसून ते बेरीज-वजाबाकीचे मराठी शब्द पाठ करीत, हे मला पुढे कळले. ज्या शाळेतल्या मास्तरांनी आमच्यासाठी इतके केले त्या शाळेकडे मी कृतज्ञतेने पाहायचे नाही, तर कशाने पाहायचे?"

वकीलसाहेबांचा चेहरा निवळला. "ते मास्तर मलाही आठवतात. आणि त्यांना कोणी सांगितले नाही, की 'बेरीज' फारसीतून आली आणि 'वजाबाकी'तले वजा आणि बाकी हे दोन्ही शब्द अरबीचे. म्हणजे ते जे नवे शिकत होते ते त्यांचेच जुने होते. सांगितले असते तर बिचाऱ्यांचा भार हलका झाला असता."

येथे मला थोडे आडवळणाने जाऊन सांगितले पाहिजे, की या दोघांच्या शाळेची वर्षे ही मराठवाड्याच्या इतिहासातली फार विलक्षण वर्षे होत. निजामी अमलात प्राथमिक शाळेच्या पुढे शिकायचे तर उर्दूतूनच शिकावे लागे; साप्ताहिक सुटी शुक्रवारची, सरकारी दप्तरातले महिने आजूर, दै, बहमन असे फसली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस ॲक्शनने हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि त्यानंतर लौकरच या वर्गाने शाळेत पाऊल ठेवले. त्यांनी पहिली गणिते निजामाच्या हाली रुपयात केली, सात हाली रुपयांना सहा कलदार, म्हणजे हिंदुस्थान सरकारचे, रुपये हा हिशेब बोटांवर ठेवून; १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले तेव्हा आणे आणि पै विसरून ते दशमान शिकले; शेर आणि मण सोडून किलो शिकले. १ नोव्हेंबर १९५६ ला त्यांचा जिल्हा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली ती त्या राज्यात, निकाल पाहिला तो महाराष्ट्रात, कारण मधल्या अवधीत १ मे १९६० उजाडला होता. एका वर्गाने बालपण ते मिसरूड एवढ्या काळात तीन राज्ये पाहिली, आणि त्यासाठी त्याला गाव सोडावे लागले नाही. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळून, २३ ऑगस्ट १९५८ नंतर, तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. असा वर्ग मागे वळून पाहतो तेव्हा त्याला अभिमान वाटला तर तो वाजवी आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

इंजिनिअरसाहेबांचाही रोख तोच होता. ते म्हणाले, "आपल्या बापजाद्यांना परक्या भाषेत अर्ज लिहून घ्यायला अर्जनवीस लागत. आपल्या वर्गाने स्वतःच्या भाषेत भूमिती शिकली. १९६० सालीच औरंगाबादेस सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज निघाले. पुढे दोन-तीन वर्षांनी मी त्यात गेलो, आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये पैठणला लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची कोनशिला बसवली तेव्हा मी विद्यार्थी म्हणून गर्दीत उभा होतो. पदवी घेऊन त्याच धरणाच्या कालव्यावर नेमणूक झाली. ज्या तालुक्यात माझ्या आईने कोसभरावरून पाणी वाहिले, त्या तालुक्यात मी पाणी आणणाऱ्या खात्याचा नोकर झालो. हे कोणामुळे? या शाळेमुळे. तू म्हणतोस ती नावे शाळेने कमी केली नाहीत, भुकेने कमी केली. शाळेचे मास्तर तर घरोघर जाऊन पोरांना ओढून आणीत."

"शाळेने घालवले असे मी म्हटलेच नाही," वकीलसाहेब म्हणाले. "आपण विसरलो, एवढेच म्हणतो. आता मी काय पाहिले ते ऐक."

आणि त्यांनी जे सांगितले ते मला पूर्वी तुटक तुटक ठाऊक होते. सलग त्या दिवशी प्रथमच ऐकले. वकीलसाहेबांचे वडील निजामीच्या महसूल खात्यात गिरदावर. त्यामुळे उर्दू त्यांच्या घरात होती आणि मोडीही होती. २०२३ च्या सप्टेंबरात, याच तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी झालेल्या उपोषणानंतर, निजामकालीन दप्तरांतल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्या, शाळा, तलाठ्यांची दप्तरे यांच्यावरची साठ-सत्तर वर्षांची धूळ एकाएकी झटकली गेली. उर्दू आणि मोडी वाचणारे लोक शोधूनही सापडेनात, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या या वृद्धाकडे लोक घरची आणि शाळेची जुनी कागदपत्रे घेऊन येऊ लागले. त्या शोधाच्या राजकारणाविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. माझे सांगणे त्या चोपडीविषयी आहे, जी त्या निमित्ताने उघडली गेली.

"कापडी पुठ्ठ्याचे दाखल-खारीज रजिस्टर," वकीलसाहेब म्हणाले. "मागची पाने उर्दूत. १३५६ फसली, म्हणजे १९४६-४७ सालच्या नोंदी मी भिंगातून वाचल्या. पुढे एका पानावर शाई तीच, टाकही बहुधा तोच, पण अक्षरे एकदम डावीकडून उजवीकडे चालू लागतात. मराठी सुरू होते. राज्य बदलले ते मी पुस्तकात वाचले होते. कागदावर उलटे फिरलेले पाहिले ते त्या पानात. आणि त्याच्या आगेमागे, त्या हिवाळ्यातल्या तारखांना, काही मुसलमान मुलांची नावे एकापाठोपाठ खारीज झालेली. कारणाच्या रकान्यात काही नाही. नुसती आडवी रेघ. त्या घरांचे काय झाले ते मी विचारीत बसलो नाही. पोलीस ॲक्शननंतरच्या अत्याचारांची चौकशी करणारी सुंदरलाल समिती त्याच दिवसांत या मुलखातून फिरली होती, आणि तिने काय पाहिले हे आता सर्वांना ठाऊक आहे."

ते थोडे थांबले. खालून कुठल्या तरी ट्रॅक्टरवरचे गाणे वर येऊन विरले.

"मग आपला वर्ग आला. आपली नावे. पहिलीला दाखल झालेल्यांची नावे दोन पाने भरून आहेत, अरे. दोन पाने! आणि आपला मॅट्रिकचा फोटो तुझ्या पिशवीत आहे, त्यात किती रांगा आहेत? दोन, आणि त्यांतही मधल्या खुर्च्यांवर शिक्षक. उरलेली माणसे कुठे गेली ते त्या रजिस्टरात लिहिलेले आहे, आपण कधी वाचले नाही. 'शाळा सोडल्याचे कारण' म्हणून एक रकाना असतो. मुलींपुढे लग्न, लग्न, लग्न, एकीपुढे 'घरकाम'. मुलांपुढे 'वारंवार गैरहजर'. 'परगावी गेले.' एकापुढे 'मयत'. महारवाड्यातून आलेला तो उंच मुलगा, शेवटच्या बाकावर बसणारा, त्याच्यापुढे 'सालाने राहिला'. कोणाकडे राहिला असेल? आपल्याच कोणाच्या तरी वाड्यावर. मी ते पान तीनदा वाचले. आणि मला कळले, की मी साठ वर्षे ज्याला 'आमचा वर्ग' म्हणत आलो, तो आमच्या वर्गाचा एक तुकडा होता."

इंजिनिअरसाहेब काही बोलले नाहीत. ते गप्प आहेत असे पाहून मला राहवले नाही, आणि मी माझ्या वर्गाची हकीकत मध्ये घातली.

माझा वर्ग १९७५ चा, म्हणजे महाराष्ट्रात अकरावीची मॅट्रिक मागे पडून दहावीची शालान्त परीक्षा सुरू झाली त्या पहिल्या तुकडीतला. आम्ही जून १९७२ मध्ये आठवीत गेलो, आणि पाऊस आलाच नाही. त्या वर्षीची माझी शाळेची आठवण म्हणजे सुकडीचा वास. रेशनवर लाल मिलो मिळे, तिची भाकर थापता येत नसे, तुटे. आई ती तुकड्यांनीच वाढी. दसऱ्यानंतर वर्गातली बाके मोकळी होऊ लागली. मोठ्या अंगाची मुले खडी फोडायला, पाझर तलावावर, कालव्याच्या मातीवर जाऊ लागली. कारण मजुरी माणशी मिळे आणि घरात जितके हात तितकी ती वाढे. हजेरी घेताना गुरुजी गेलेल्यांचीही नावे रोज पुकारीत. आम्हाला तेव्हा त्याचा कंटाळा येई. एक दिवस कोणीतरी म्हणाले, "गुरुजी, तो कामावर गेला, येत नाही आता." गुरुजींनी मान वर केली नाही, म्हणाले, "नाव आहे तोवर पुकारणार." मार्च सरेपर्यंत त्यांनी ती नावे पुकारली. पुढे मी स्वतः शिक्षक झालो. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले जाऊ लागत तेव्हा मीही तसेच करीत असे, आणि हंगामी वसतिगृहात नाव घालून दोन-चार लेकरे मागे ठेवून घेता आली तर तेवढे वर्ष मला सार्थ वाटे. सर्वच ठेवता आली नाहीत.

हे सांगून मी वकीलसाहेबांच्या बाजूला गेलो असे इंजिनिअरसाहेबांस वाटले असावे. त्यांच्या आवाजास किंचित धार आली.

"म्हणजे आता जे पास झाले त्यांनी माफी मागत फिरायचे? मास्तर, तुम्ही शिकवलेल्यांतले कितीतरी आज पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला, कुठे कुठे सुखाने आहेत. त्यांना तुम्ही असे सांगाल का, की तुमचा आनंद हा कोणाच्या तरी आडव्या रेघेवर उभा आहे? पोरांच्या पाठीवर हे ओझे देऊ नका. त्यांना पुढे जायचे आहे. मागे पाहायचेच असेल तर असे पाहावे, की पायांत बळ येईल."

मला हे पटले, आणि अजूनही पटते. निरोपाच्या दिवशी मुलांनी रडावे ते शाळा सुटते म्हणून. जगाच्या अन्यायाचा सारा हिशेब त्याच दिवशी त्यांच्या हाती देणे हा मोठ्यांचा आततायीपणा होईल. पण या खेपेस तो हिशेब मोठ्यांनी दिला नव्हता. एका मुलीने आपली मैत्रीण मागितली होती.

वकीलसाहेब म्हणाले, "तिच्या पायांत बळ कमी दिसले का तुला? मला तर त्या मंडपात तिच्याइतके ताठ उभे राहिलेले दुसरे कोणी दिसले नाही. आणि नावे खारीज होणे म्हणजे काही नामुष्की नव्हे, हे आपल्या मुलखाइतके कोणाला ठाऊक असणार? १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठाने मुलांची नावे काढून टाकली. शेकडो पोरे, घरची गरीब, नागपूरला गेली आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना पदरात घेतले. त्या काढून टाकलेल्यांचे आपण आज सत्कार करतो, त्यांची नावे पुस्तकांत छापतो. का? कारण कोणीतरी ती लिहून ठेवली. सालाने राहिलेल्या पोराचे नाव मात्र त्या एका रजिस्टरात आहे, आणि त्याला वाळवी लागत आली आहे."

बराच वेळ कोणी बोलले नाही. ऊन उतरले होते. देवळातून आरतीपूर्वीची घंटा एकदा वाजून गेली. मग इंजिनिअरसाहेब, आमच्याकडे न पाहता, खालच्या सडकेकडे पाहत बोलू लागले. आवाज इतका खाली गेला होता, की मला पुढे वाकून ऐकावे लागले.

"सुविचार कोण लिहायचा, आठवते तुला? फळ्यावर, रोज सकाळी?"

"आठवते."

"त्याचे अक्षर. सगळे वाक्य आधी उघडे लिहायचा, शिरोरेघेवाचून. आणि मग खडू आडवा धरून डावीकडून उजवीकडे एकच रेघ ओढायचा. पट्टी नाही, काही नाही. ती रेघ कधी वाकडी गेली नाही. हेडमास्तर पाहुण्यांना तो फळा दाखवायला आणीत. मॅट्रिकच्या आधी दोन वर्षे तो शाळेत येईनासा झाला. माझा तो तुझ्याइतकाच जवळचा होता. नदीवर पोहायला आपण तिघेच जायचो."

"हो."

"१९७३ चा उन्हाळा. मी कालव्याच्या कामावर होतो. दुष्काळी मजूर हजारांनी. आठवड्याचा पगार वाटायचा, मस्टर तपासून सही करायची. पानेच्या पाने निळ्या अंगठ्यांची. एका पानावर अंगठ्यांच्या मध्ये एक सही. त्या नावाची अक्षरे आणि त्यांवरून गेलेली ती रेघ, सरळ, एका ओढीत. मी सही पाहिली, आणि मला सही वाचावी लागलीच नाही." ते थांबले. "टेबलापुढे रांग होती. तो त्या रांगेत असणार. मी मान वर केली नाही. कागदावर माझी सही केली, पान उलटले, आणि जीप मागवून तंबूकडे गेलो. मला काय वाटले ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित असे वाटले, की त्याने मला पाहिले तर त्याला लाज वाटेल. खरे म्हणजे मलाच लाज वाटत होती. तीन वर्षांनी, १९७६ च्या फेब्रुवारीत, इंदिराबाईंच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले; आम्हा सगळ्यांना मंडपात खुर्च्या होत्या. तेव्हा मी त्याला शोधत होतो, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे. ते खरे नाही. मी शोधले नाही."

वकीलसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वकिली करणाऱ्या माणसाला उलटतपासणी कोठे थांबवावी हे कळते, एवढेच मी म्हणेन. ते फक्त इतके म्हणाले, "तो २००४ साली गेला. त्याची नातवंडे गावातच आहेत. एक नात नर्स आहे. चांगली आहेत सगळी."

"तुला ठाऊक होते?"

"मस्टरचे ठाऊक नव्हते. तो मला भेटत असे. तुझी चौकशी करायचा. कालव्याला पहिले पाणी आले तेव्हा म्हणाला होता, 'आपल्या वर्गाचे पाणी आले.'"

इंजिनिअरसाहेबांनी चष्मा काढला आणि उपरण्याने पुसला, आणि पुन्हा पुसला. मग त्यांनी पिशवीतून फोटो काढला. शाळेला भेट देण्यासाठी त्यांनी तो पुण्याहून मोठा करून, चौकट बसवून आणला होता. समारंभाच्या गडबडीत तो द्यायचा राहिला होता. दोन रांगा, मध्ये खुर्च्यांवर शिक्षक, टोकाला उभे गणिताचे मास्तर, शेरवानीच्या गळ्याची बटणे लावलेले. त्यांनी फोटो पालथा करून मांडीवर ठेवला. मागे कोरा तपकिरी कागद होता. "पेन दे," ते म्हणाले, "आणि तू सांग. माझे अक्षर तुझ्यापेक्षा बरे आहे."

पहिले नाव त्यांनी कोणाचे लिहिले ते सांगायला नको. ते उघड्या अक्षरांत लिहून मग त्यांनी वरून रेघ ओढली. हात थरथरत असल्याने ती वाकडी गेली. त्यापुढे दोघे मिळून आठवू लागले. मुलींची नावे वकीलसाहेबांस अधिक आठवत, मुलांची इंजिनिअरसाहेबांस. एका मुसलमान वर्गमित्राचे नाव दोघांच्या तोंडून एकदमच आले. उंच मुलाचे नाव आले. अंधार पडेपर्यंत आठ नावे झाली. नवव्याचा चेहरा दोघांच्याही डोळ्यांपुढे होता: कानात बाळी, पायांत नेहमी काटा मोडलेला, बोरे वाटून खाणारा. नाव मात्र आले नाही. "रजिस्टरात असेल," वकीलसाहेब म्हणाले, "उद्या पाहतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहिले. त्या पानाचा तो कोपरा वाळवीने खाल्ला होता.

म्हणून या लेखाच्या वाचकांस माझी हात जोडून विनंती आहे. ज्यांच्या घरी आपल्या किंवा आपल्या वडिलांच्या वर्गाचा जुना फोटो असेल, त्यांनी तो भिंतीवरून आजच उतरवावा, आणि त्यात जे नाहीत त्यांची नावे, ज्यांना आठवतात अशी माणसे असेपर्यंत, त्याच्या पाठीमागे लिहून ठेवावीत.